मुठीतली माती

अप्पांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा ते भट्टीत घडे रचत होते. वरचा थर लावायचा राहिला होता. अम्मा सांगते, हातातला घडा त्यांनी आधी नीट खाली ठेवला आणि मग ते स्वतः पडले. घडा फुटला नाही.

मी पुदुकोट्टईला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. निरोप आला तशी रजा टाकून निघाले. आमच्या गावाच्या, ओलैक्कुडीच्या फाट्यावर उतरून तळ्याच्या बांधावरून चालत आले. उजव्या हाताला पाणी असायचं, तिथे भेगाळलेला गाळ होता आणि त्यात शेळ्या फिरत होत्या. कार्तिकातला पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी चुकला होता. खालच्या अंगाची भातं पोटरीत येण्याआधीच करपली होती. बायका हापशावर पहाटेपासून घागरी लावून बसत.

बारा दिवस इस्पितळात काढून आम्ही अप्पांना घरी आणलं. पडवीत दोरीच्या बाजेवर ते निजून असत. सगळी भाषा गेली होती, एक शब्द उरला होता: नाही. जेवलात का? नाही. उन्हात सरकवू का? नाही. ही कोण आली, अरिवू ना? नाही. हे शेवटचं म्हणताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, त्यावरून मला कळायचं की ओळखलं आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आत अर्थ शाबूत आहे, बाहेर येताना हाच एक शब्द सापडतो. आळीतले लोक समाचाराला येत, तेव्हा मी त्यांनाही सांगायची, शब्दावर जाऊ नका, डोळ्यांकडे बघा.

दाढी करायला येणारा मुरुगन म्हणाला, "चाळीस वर्षं देव नाही म्हणाले. आता दुसरं काही म्हणताच येत नाही." अप्पा अर्ध्या तोंडाने हसले. साबणाचा फेस ओठात गेला.

उजवा हात पूर्ण गेलेला नव्हता. तळव्याला काही लागलं की तो आपोआप मिटायचा. चमचा, बाजेची दोरी, माझी वेणी, काहीही. एकदा मी त्यांना कुशीवर वळवत असताना वेणी मुठीत सापडली आणि सोडवायला अम्माला बोलवावं लागलं. तान्ह्या मुलाचं असतं तसंच हे, डॉक्टर म्हणाले होते. यात त्यांची इच्छा नसते.

अप्पांचं नाव सोलैमलै वेळार. आम्ही वेळार म्हणजे कुंभार. पण नुसते कुंभार नाही, गावाबाहेरच्या अय्यनारचे, म्हणजे गावराखणीच्या देवाचे, मातीचे घोडे आम्हीच करायचे आणि त्याची पूजाही आमच्याच घराकडे. घोड्यांचा उत्सव ठरला की गावचे अंबलकार, म्हणजे गावप्रमुख, तळ्यातली मूठभर माती ताटात घेऊन वेळार आळीत येतात आणि घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाच्या हातात देतात. त्याने मूठ मिटली की काम सुरू झालं. मग गावात कोणी लग्न ठरवत नाही, कोणी लांबच्या प्रवासाला जात नाही. मूठ मिटली नाही तर उत्सव नाही.

अप्पांनी चोविसाव्या वर्षी काळा सदरा घातला, म्हणजे देव न मानणाऱ्यांच्या चळवळीत गेले. चळवळीची पत्रकं वाचत, सभांना सायकलवरून जात. आजोबा होते तोवर माती आजोबांच्या हातात पडायची आणि कुणाचं अडत नव्हतं. आजोबा बारा वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर अंबलकार वीरसिंगम तीनदा ताट घेऊन आले. तिन्ही वेळा अप्पांनी त्यांना बसायला चटई दिली, ताक दिलं आणि सांगितलं, माझ्या हाताने हे होणार नाही. माझ्या भावाला द्या, माझी काही हरकत नाही. चित्तप्पा, म्हणजे अप्पांचा धाकटा भाऊ करुप्पैया, शेजारच्याच घरात राहतो. तिसऱ्या वेळी तर अप्पांनी तसं कागदावर लिहून सही करून दिलं. अंबलकार म्हणाले, थोरला जिवंत असताना धाकट्याच्या हातात माती घालायची रीत नाही. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

बारा वर्षं उत्सव झाला नाही. पहिली दहा वर्षं पाऊस बरा पडला, तेव्हा त्याचं श्रेय कुणी अप्पांना दिलं नाही.

फाल्गुनात एका मंगळवारी मी औषधं आणायला तालुक्याला गेले होते. संध्याकाळच्या बसने परतले, तर फाट्यावरचा चहावाला पुढे होऊन म्हणाला, "अरिवू, तुझ्या अप्पांनी माती घेतली." त्याचा चेहरा इतका उजळलेला होता की मला आधी वाटलं, ते उठून बसले. मग तळ्याच्या बाजूने ढोल ऐकू आला.

घरी अप्पा भिंतीकडे तोंड करून निजले होते. मी उजवी मूठ उघडून पाहिली. हात धुतलेला होता. अम्मा चुलीपुढे होती. मी विचारलं तर म्हणाली, आले होते, गेले. तिच्याकडून मी आणखी काही काढून घेतलं नाही. अम्माचं नाव पेच्चियम्मा. जात्यामागच्या कोनाड्यात दर शुक्रवारी ती अय्यनारच्या नावाने दिवा लावते. अप्पांना ते माहीत होतं आणि वाऱ्याने विझत असला तर तेच आडोशाला फळी धरायचे. मला वाटलं, ती मनातून सुखावली असेल. मी तशीच चित्तप्पाच्या अंगणात गेले आणि आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्याला विचारलं, की निजलेल्या माणसाचा हात कोणी उघडला. तो पाय धूत होता. मान वर न करता म्हणाला, हात मी उघडला, मिटला त्याने.

त्या मंगळवारानंतर अकराव्या दिवशी अप्पा गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे आम्ही कोणतेही विधी केले नाहीत. चळवळीतले सहा म्हातारे काळे सदरे घालून बसने आले, त्यांतला एक जण दोन शब्द बोलला आणि आम्ही खड्डा बुजवला. गाव लांब उभं राहिलं पण कोणी अडवलं नाही. मला त्याचं नवल वाटलं होतं. अम्माने वेणीतली फुलं स्वतः काढली, कपाळ पुसलं. अप्पांना हे चाललं नसतं, मी म्हणाले. ती म्हणाली, "त्यांना चालायचं नाही. मला चालतं."

गाव का गप्प राहिलं ते पंधरा दिवसांनी कळलं. वेळारांच्या थोरल्या घरात मृत्यू झाला की वर्षभर त्या कुळातल्या कुणाच्या हातात माती घालता येत नाही. पण मृत्यूच्या आधी माती घेतलेली असेल, तर काम थांबवायचं नसतं. म्हणजे अप्पा न घेता गेले असते तर या वर्षी उत्सव नव्हता. घेऊन गेले, म्हणून होता. सोळावा दिवस उलटताच चित्तप्पाने तळ्यातली माती वाहायला सुरुवात केली.

मी चावडीवर गेले. पिंपळाच्या पारावर पाच-सहा म्हातारे, खाली पंधरा-वीस माणसं. अंबलकारांनी मला बसायला सांगितलं. ते उर्मट नाहीत. त्यांची स्वतःची तीन एकर भातं जळली होती आणि कॉलरपाशी मानेची हाडं दिसत होती. ते म्हणाले, तुझ्या अप्पांना मी मानायचो, म्हणूनच माती दुसऱ्या कुणाच्या हातात घातली नाही. मी त्या हाताबद्दल डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. चमच्याचं सांगितलं, वेणीचं सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं.

मग अंबलकार म्हणाले, "ठीक आहे. कापूर लावतो. तळव्याने विझव आणि सांग, त्यांनी घेतली नाही. गाव तुझा शब्द मानेल."

ही आमच्याकडची जुनी रीत. पेटत्या कापरावर हात मारून जे बोललं ते खरं. खोटं बोलणाऱ्याचा वंश बुडतो म्हणतात. मी म्हणाले, "ज्याला मी मानत नाही त्याची शपथ घेतली तर तीच खोटी शपथ होईल. माझा शब्द असाच घ्या."

पारावरचे एक आजोबा तपकीर ओढत म्हणाले, "म्हणजे हिला खरं बोलायलाही देव लागत नाही, आणि खोटं बोलायलाही लागत नाही. बरं आहे." लोक हसले. वाईट हसले नाहीत. चांगल्या कोटीला हसावं तसे हसले. त्या हसण्यात माझ्या अप्पांचा शेवटचा महिना वाहून गेला.

चित्तप्पा उठला. पितळी ताटात कापूर पेटवला होता. त्याने त्यावर उजवा तळवा मारला आणि म्हणाला, "अण्णाच्या हातात मी माती ठेवली. त्याची मूठ मिटली. माझ्या डोळ्यांनी पाहिलं." बोललेला शब्द न् शब्द खरा होता.

मी विचारलं, "आणि तोंडाने काय म्हणाले?"

"नाही म्हणाले," अंबलकार म्हणाले.

"मग?"

"पाणी हवं का विचारलं तरी ते नाहीच म्हणायचे, बाई. शब्दावर जाऊ नका असं तूच सांगायचीस ना?"

चाळीस वर्षं विचार करून, वाचून, भांडून माणूस जो एक शब्द बोलत आला, तो आजाराचा. आणि आजाराने मिटलेला हात मात्र त्याच्या मनाचा. मी हे त्यांना म्हणाले की नाही ते आठवत नाही. म्हणाले असले तरी फरक पडला नाही.

रजा संपायला दीड महिना होता. मी परत गेले नाही. भट्टीतला अप्पांचा अर्धवट माल मी आणि अम्माने पुरा केला. पहाटे माती तुडवायची. वर्षानुवर्षं पुस्तकांच्या कपाटांमध्ये चाललेले माझे पाय दुसऱ्या दिवशी टाचांपाशी चिरले. अम्मा ओल्या घड्याच्या आत गोल दगड धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकायची. तो आवाज थांबला की समजायचं, तिला अप्पा आठवले.

कुंपणापलीकडे चित्तप्पाचे दोन घोडे उभे राहत होते. आधी चाकावर केलेले आठ पोकळ पाय, सुकत ठेवलेले. मग त्यावर पोट, भाताचा कोंडा मळलेल्या मातीच्या वळ्या एकावर एक चढवत आणि ठोकत. मग मान. दर थराला दोन दिवस सावलीत सुकवायचं, वर ताडाच्या झावळ्या. चित्तप्पा उन्हात उघडा राबायचा. त्याचे खांदे पाठीमागून हुबेहूब अप्पांचे होते, म्हणून मी तिकडे पाठ करून बसायची.

एकदा तो कुंपणाशी आला आणि अप्पांची मोठी थापी मागितली. त्याची लहान पडत होती, घोड्याच्या पोटाला ती पुरत नव्हती. मी नाही म्हणायच्या आत अम्माने आणून दिली. नंतर मी तिच्यावर चिडले. "लाकडाला काय कळतं," ती म्हणाली आणि कामाला लागली.

तो थापी घेऊन जाताना मी विचारलं, हे करून तुला काय मिळालं. त्याने थापीची कड अंगठ्याने चाचपली. "तू शिकलीस, गेलीस," तो म्हणाला. "मी बारा वर्षं फुलझाडांच्या कुंड्या केल्या. वेळाराला घोडा करायला मिळाला नाही तर तो कशाचा वेळार? अण्णाने एकदा हात पुढे केला असता, नुसता. मनात काही ठेवायची गरज नव्हती."

मला उत्तर द्यायचं होतं, की मनात नसलेलं हाताने न करणं एवढंच तर त्यांनी आयुष्यभर केलं. पण तो वळला होता.

ज्येष्ठात घोडे भाजून झाले. जागेवरच पेंढा, करवंट्या आणि वरून चिखलाचा लेप देऊन भट्टी लावली होती. लेप फोडला तेव्हा दोन्ही घोडे अखंड निघाले, माणसापेक्षा उंच, लालभडक. त्यांना चुना आणि रंग लावले. डोळे तेवढे कोरे ठेवले. ते निघायच्या दिवशी उघडायचे असतात.

आदल्या दिवशी दुपारी चित्तप्पाची बायको आमच्याकडे आली. ती भांडखोर नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "अक्का, उद्या सकाळी घोडे निघताना दार लावून घ्याल ना? कुणी काही बोलायच्या आत मीच सांगते म्हटलं." नवरा जाऊन वर्ष न झालेली बाई देवाच्या वाटेत दिसू नये, एवढाच त्याचा अर्थ. अम्माने मान हलवली. ती डाळ मागायला आल्यासारखी तिला वाटीभर बांधूनही दिली. माझे हात मातीत होते. मी उठले असते तर काय केलं असतं माहीत नाही.

सकाळी आम्ही दार लावून आत बसलो. झरोक्यातून अंगण दिसत होतं. चित्तप्पाने तोंडाला फडकं बांधून काळ्या रंगाने घोड्यांची बुबुळं काढली. शंख वाजला. बांबूंच्या चौकटीवर चढवलेले घोडे आठ-आठ माणसांनी खांद्यावर घेतले. एकदा उचलला की देवळापर्यंत घोडा जमिनीला टेकवायचा नसतो. मग कर्ण्यावरून नाव पुकारणाऱ्याचा आवाज आला. कुळं, देणगीदार, वर्षं. आणि मग: "थोरल्या घरचे भक्त सोलैमलै वेळार, ज्यांनी आयुष्यभराच्या चुकीचा पश्चात्ताप होऊन अखेरच्या घटकेला अय्यनारची माती मुठीत घेतली..."

अम्मा उठली. मला वाटलं, कानावर पडू नये म्हणून आत जाते आहे. तिने अडसर काढला.

मी मागे धावले तोवर ती वाटेच्या मधोमध जाऊन उभी होती. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. पुढचा ढोलवाला थांबला. त्याच्या मागचा घोडा थांबला, त्याच्या मागचा थांबला. तिला कोणी हात लावू शकत नव्हतं, आणि तिला ओलांडून कोणी जाऊ शकत नव्हतं. ज्या गोष्टीसाठी तिला दार लावून घ्यायला सांगितलं होतं, तीच घेऊन ती उभी होती.

चित्तप्पाची बायको दबल्या आवाजात अक्का, अक्का म्हणत राहिली. अंबलकार पुढे आले, अनवाणी, कमरेला नवं धोतर. म्हणाले, "पेच्चियम्मा, असं करू नकोस. वजन आहे पोरांच्या खांद्यावर."

"असू दे," अम्मा म्हणाली. "करुप्पैया, इकडे ये."

चित्तप्पा आला. त्याच्या बोटांना काळा रंग होता.

"मूठ मिटली, ते तू पाहिलंस. तुम्ही गेल्यावर काय झालं, ते कुणी पाहिलं?"

कुणीतरी मागून म्हणालं, कापूर लावा. अम्मा म्हणाली, "कापूर कशाला? याचे डोळे आत्ताच उघडलेत. याच्यासमोर सांगते." आणि घोड्याकडे बघत, आम्हा कुणाकडे नाही, तिने सांगितलं.

अप्पांनी डाव्या हाताने उजवी मूठ उघडायला घेतली. एक बोट सरळ केलं की दुसरं मिटायचं. ती मदतीला गेली तर त्यांनी तिला कोपराने ढकललं. मूठ बाजेच्या लाकडावर आपटली. माती सांडायची, पुन्हा काही तळव्याला चिकटून राहायची, आणि तिच्यावर हात पुन्हा मिटायचा. जेवणवेळ टळली, उन्हं भिंतीवरून उतरली तरी चाललं होतं. शेवटचा कण नखाने खरवडून काढल्यावर त्यांनी जमिनीकडे पाहिलं, केरसुणीकडे पाहिलं आणि म्हणाले, नाही.

"मी झाडली," अम्मा म्हणाली. "अय्यनारची माती मी केरसुणीने झाडून उकिरड्यावर टाकली. त्याचं पाप मला लागेल, लागू दे. इतके दिवस गप्प बसले, कारण मला वाटलं, जाऊ दे, पाऊस तर येईल. मलाही घोडे हवे होते. पण त्यांची चूक होती आणि त्यांना पश्चात्ताप झाला, हे याच्या कानावर घालून याला नेऊ नका. हा देव आहे. याला फसवून काय मिळणार?"

मी दोन महिने तिच्या शेजारी माती तुडवत होते. मी डॉक्टरांना विचारलं होतं, चित्तप्पाला विचारलं होतं, चावडीला विचारलं होतं. त्या पडवीत जी बाई होती तिला विचारलं नव्हतं, कारण ती दिवा लावते.

खांदेकऱ्यांचे पाय थरथरायला लागले होते. ऊन डोक्यावर येत होतं. चित्तप्पा खाली बघत म्हणाला, "वहिनी खोटं बोलत नाही." मग तो अंबलकारांना म्हणाला, की घोडे माझ्या हातचे आहेत, नाव माझं घ्या. अंबलकारांनी मागून चालत आलेल्या, पारावरच्या त्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. त्यांतले तिघे एकमेकांशी कुजबुजले. तपकीरवाले आजोबा म्हणाले, दुष्काळात रीत थोडी वाकवली तर देव समजून घेतो.

एक माणूस बांधावरून तळ्यात उतरला आणि ओंजळभर माती घेऊन पळत आला. ताट नव्हतं. अंबलकारांनी ती तशीच चित्तप्पाच्या हातात घातली. चित्तप्पाने मूठ मिटली. कर्ण्यावरचा माणूस घसा खाकरून म्हणाला, थोरल्या घरचे सोलैमलै वेळार यांनी माती घेतलेली नव्हती, करुप्पैया वेळार यांनी घेतली आहे. अम्मा वाटेतून बाजूला झाली. घोडे तिच्या अंगावरून वाऱ्यासारखे पुढे गेले आणि तिने हात जोडले.

मी मोजलं नव्हतं, पण सगळं मिळून कापूर जळायला लागतो त्याहून कमी वेळ लागला. वर्षभराची बंदी, थोरल्याचा मान, आजोबा-पणजोबांपासूनची रीत, सगळं एवढ्यात वाकलं. हेच अप्पा बारा वर्षं सांगत होते, सहीनिशी लिहूनही दिलं होतं. हे इतकं सोपं होतं, आणि त्यासाठी गावाने एका आजारी माणसाची बोटं उघडली.